नाल्यावरचं इंजिन

विसरवाडीचा इंजिन-मिस्त्री आला की आधी इंजिनाला काठी टेकवायचा, तिचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. माणसांच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष नसतं, असं मला वाटे.

नाल्यापलीकडच्या मगनभाईंनी आणि मी भागीत ऑइल इंजिन घेतलं होतं. मग राज्यं वेगळी झाली आणि नाला हद्द ठरला. मगनभाई गुजरातेत गेले, मी महाराष्ट्रात राहिलो. इंजिन कोणाच्या काठावर ठेवायचं यावरून आमचं बोलणं तुटलं. मिस्त्रीने इंजिन होतं तिथेच ठेवलं. चालू करायचं हँडल त्याने मगनभाईंकडे दिलं आणि पंपाचा पट्टा माझ्या खांद्यावर टाकला.

"आते पानी जोयजे तं दोन्हीसले येनं पडी," म्हणाला आणि सायकलवर बसला.

सुरुवातीला आम्ही मुकाट्याने यायचो. पुढे पोरींच्या सोयरिकीसुद्धा तिथेच बोलून ठरल्या.

नंतर वीज आली. दोघांनी आपापल्या मोटारी बसवल्या. मिस्त्री एकदा माझी बघायला आला. काठी आणली नव्हती. मी बटण दाबून पाणी काढून दाखवलं, तरी तो पलीकडेच बघत होता.

"मगनभाई बरा शेतस ना?"

मला ठाऊक नव्हतं.