पांढऱ्यातली आई

पुण्यात मी संशोधन करायची ते पांढऱ्या रंगावर. दूध, चुना, धुकं, जिथं कण अस्ताव्यस्त पसरलेले असतात तिथं शिरलेला प्रकाश कसा भरकटतो, याची गणितं. यंत्रबिंत्र काही नाही, नुसते कागद आणि पेन्सिल. सुट्टीला महाळुंगे पडवळला गेले की आबा, माझे वडील, शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी दुधात उजेड हुडकती, अन् सरकार तिला पगार देतं." सगळे हसायचे. मीही हसायची, पण आतून चिडायची.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मोतीबिंदू म्हणजे माझाच विषय की! डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि आत येणारा प्रकाश वाटेतच विखुरतो. एवढं ठाऊक असून घरच्या माणसाचे डोळे पांढरे होताना बघत बसायचं म्हणजे जीव नकोसा होतो. आमच्याकडे जुनी समजूत, की मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही. आबा तिच्याच आड लपले. मंचरच्या डॉक्टरांनी बजावलं, आता थांबायची गरज नसते, उलट जास्त पिकला तर डोळाच जायचा. आबांनी मान हलवली आणि घरी येऊन म्हणाले, पिकू दे अजून.

रोज सकाळी ते ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसत. चहा गार होई. एकदा मी जवळ गेले, तर आबा हळू आवाजात गाभण म्हशीविषयी कुणाला तरी सांगत होते. समोर कोणी नव्हतं.

खूप खोदून विचारलं तेव्हा बोलले. ऊन डोळ्यांवर आलं की सगळं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात गोठ्याच्या दारापाशी आई उभी दिसते. डोळा साफ केला तर ती कुठं उभी राहणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी पडले विद्वान! समजावू लागले. गढूळ भिंगातून चित्र पोचत नाही, नुसते डाग पोचतात, बाकीचं आपलं मन भरतं. फार तर एवढंच, की भरकटलेला प्रकाश जिथून निघाला तिथं परत यायची शक्यता जराशी जास्त असते. बोलून गेले आणि जीभ चावली.

"मंग बराबर हाय," आबा म्हणाले. "तीबी तितंच येती."

त्यानंतर एकदा ते म्हशीच्या दाव्यात पाय अडकून पडले, खुबा थोडक्यात वाचला. मग मी भांडले, रडले, जेवले नाही. शेवटी माझ्यासाठी म्हणून त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, लई वाळलीस. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या डोळ्याचं ठरवायला गावी गेले, तर आबा सकाळी ओट्यावरच. चांगला डोळा तळहातानं गच्च झाकलेला. रागवायचं ठरवून आले होते, ते जमलं नाही. शेजारी बसले.

"आबा, आहे का?"

"हाय. पर तिला त्या डोळ्याचं कळलंय बघ. आता लांब उभी राहती."

मी गोठ्याकडे बघितलं. माझे दोन्ही डोळे धड, चष्मासुद्धा नाही. दार दिसलं, शेणाची पाटी दिसली. माझीही आईच होती ना ती! आबांचा मला इतका हेवा वाटला, की त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले.