हातानं आवळलेला नट

कळंबच्या बाहेर, बाभुळगाव रोडवर धावजी राठोडचं टपरीएवढं गॅरेज हाये. आमच्या पट्ट्यात जुन्या डिझेल पिकअपचा पंप नुसत्या कानानं सेट करणारा तो एकटाच. आता नवीन गाड्या आल्या, त्याइले कॉम्प्युटर लावा लागते. तशी गाडी दारात आली की धावजीमामा हात पुसत सांगे, हे माह्यं काम नाई, यवतमाळले ने. असं करता करता त्याच्या दारात येणारी एकच गाडी उरली. माही, रामधनची.

पिकअपमागं मळणी यंत्र जोडून मी गावोगाव हिंडतो, म्हणून मले जोर पाह्यजे. पहिल्यांदा गेलतो तेव्हाच म्हटलं, मामा, पंप फुल खोल, धूर निघाला तरी चालन. त्यानं मले असा झापला की विचारू नका. काळा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडून राह्यलं, इंजिन तापून बसन, अकलीनं घे जरा! रोज चालवाले डिझेल किती अन् ओझं ओढाले किती, याचा मेळ तो शोधत बसे. पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवे, यंत्र जोडून गाडी चढावावर न्याले लावे, अन् माह्या बाजूले डोळे मिटून बसे. वर पोचलो की सायलेन्सरमंदी बोट फिरवून काजळी पाहे. मग परत पाव आटा. सकाळची दुपार होऊन जाय. मधात दोनदा चहा, अन् मथुराबाईच्या गोष्टी.

मथुराबाई त्याची बायको. तिले जाऊन चार वर्षं झाले, पोरगी गौरी तिकडं नागपूरले. मथुराबाईले नखपॉलिशचा भारी शौक होता. तिचीच लाल शिशी मामानं ठेवली होती. पंपाचा स्क्रू हलू नये म्हणून वरून जो नट आवळतात, त्यावर तो त्यातला एक ठिपका लावे. ठिपका फुटला म्हणजे समजाचं, नट हलला.

भानगड एकच. माह्या गाडीची सेटिंग महिनाभर टिके, मग चढावावर गाडी दम सोडे, अन् मी परत त्याच्या दारात. असे दोन वर्षं गेले.

यंदा सोयाबीनच्या ऐन हंगामात गाडी महागावजवळ हटून बसली. तिथल्या मिस्त्रीनं पंप पाह्यला अन् हसला. नट नुसता हातानं आवळलेला, पान्हा लागलाच नव्हता. पॉलिशचा ठिपकाही नाई. मी मूर्ख, दोन वर्षांत एकदाही वाकून पाह्यलं नव्हतं.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसाची मळणी बुडाली होती. तसाच कळंबले गेलो अन् मामाले नाई नाई ते बोललो. एवढा कसबी माणूस, अन् दर खेपेले नट आवळाचा विसरते? त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला.

"विसरलो नाई रे," म्हणे. "पक्का आवळून देला असता, तर तू कायले आला असता?"

तरी माहा राग काही गेला नाई. म्हटलं, आज पक्का आवळ. त्यानं आवळला. शिशी झटकून झटकून लाल ठिपका लावला. चहाचं विचारलं, मी थांबलो नाई.

गाडी अशी चालली म्हणता! यंत्रासकट चढाव थर्ड गिअरमंदी. चार महिने बोनेट उघडा लागलं नाई. कळंबवरून जाताना मामा दिसे. दोन खुर्च्या बाहेर मांडलेल्या, एकीवर तो. माह्या गाडीचा आवाज ओळखून उभा होय. मी हॉर्न मारून निघून जाय. खरं सांगतो, स्वतःचीच लाज वाटे.

तुरीचा हंगाम सरला. एका सकाळी अंगणात बोनेट उघडलं, पान्हा घेतला अन् तो लाल ठिपका मीच फोडला. नट ढिला केला अन् गेलो. म्हटलं, मामा, चढावावर दम सोडून राह्यली.

त्यानं वाकून पाह्यलं. नटावर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"हादऱ्यानं ढिला झाला असन," म्हणे.

मग स्क्रू, चढाव, काजळी, दोनदा चहा. उन्हं कलली तेव्हा त्यानं बोनेट लावाले घेतलं. मी आत डोकावलो. ठिपका नव्हता. नट त्यानं हातानंच आवळला होता.