वर राहिलेली बाही

"नाही नाही, त्या घरातल्या नाहीत."

मॅडम हसत हसत म्हणाल्या. आणि मी खुर्चीवर बसलेली. डावी बाही खांद्यापर्यंत चढवलेली. मान पलीकडं वळवलेली, कारण सुई बघितली की मला घाम फुटतो.

रविवारची सकाळ. पुंडलिकनगरातल्या त्या बंगल्यात सिस्टर लस टोचायला घरी आली होती. फ्लूची लस. आबांच्या डॉक्टरांनी सांगितली होती. आबा म्हणजे मॅडमचे सासरे, माझा पेशंट. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, लघवीला नळी. त्यांना सांभाळायला मी दिवसपाळीला जायची. डॉक्टर म्हणाले होते, आबांच्या जवळ जे जे असतात त्या सगळ्यांनी टोचून घ्या. म्हणून साहेबांनी घेतली, मॅडमनी घेतली, त्यांच्या मुलीनं जरा किंचाळून घेतली. आबांचा हात मीच धरला. मग सिस्टर मला म्हणाली, "बसा मावशी, आता तुम्ही."

मी बसले. वाटलं, ठरलंच असंल. पण बाही वर जाईना. ब्लाऊज भाचीच्या लग्नात शिवलेला. तेव्हा माझा दंड दंडासारखा होता, आता भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा झालाय. ओढून, ताणून, एक टाका उसवून बाही वर चढवली आणि डोळे मिटले. तेवढ्यात मॅडमचं ते वाक्य आलं.

सिस्टर म्हणाली, "पण मॅडम, पेशंटला हात तर ह्याच लावतात ना? आणि एक डोस शिल्लकच आहे."

तो डोस मॅडमच्या मुलासाठी मागवला होता. मुलगा पुण्याला शिकायला. त्याचं येणं पुढं ढकललं होतं.

"ह्यांना काही होत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "वस्तीत राहून सवय असते. ह्यांची इम्युनिटी आपल्यापेक्षा भारी. तो परत न्या."

परत न्या.

लस होती. सुई होती. टोचणारी होती. उघडा दंड तर होताच, सगळ्या घरासमोर. सिस्टरनं बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडं बघितलं नाही बिचारीनं. मॅडमची मुलगी फिस्सकन हसली.

मी उठले. बाही खाली ओढायला लागले तर ती खाली येईना. दंडात रुतून बसली. मग तशीच फिरले घरभर. एक बाही वर, एक खाली. तशीच आबांना पेज भरवली, तशीच लघवीची पिशवी रिकामी केली, तशीच कूस बदलली. संध्याकाळी सिटी बसमधे कंडक्टर म्हणाला, "क्या मौसी, कुस्ती खेळून आली काय?"

आता हे सगळं मी घरी कसं सांगितलं ते ऐका.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझं. नवरा रिक्षा चालवतो, दिवसभर शहरभर फिरतो, पण त्याला विचारलं आज काय झालं, तर म्हणतो, "काय व्हायचंय." मी मात्र एका घरात बसून रोज नवीन खेळ घेऊन यायची. मॅडमची चाल करून दाखवायची. साहेबांचं खाकरणं. त्या दिवशी तर मी उभी राहून सगळं केलं. खुर्ची, बाही, मिटलेले डोळे. "नाही नाही, त्या घरातल्या नाहीत," हे मॅडमच्या आवाजात. नवरा पोट धरून हसला. "लोकं सुई बघून पळतात, अन् ही सुईच्या मागं पळती!" शेजारीण दारात आली आणि तीही हसली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. त्याच्या खाली मी बाही वर करून उभी.

माझी लेक करुणा हसली नाही. सासरहून, कन्नड गावाहून बाळंतपणाला आलेली. दिवस भरत आलेले. भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली.

"परत नेली? खरंच?"

"अगं, नेली म्हणजे नेली. डब्यात घालून."

"अन् तू काय म्हणलीस?"

मी काय म्हणणार. मी पेज भरवली.

करुणा म्हणाली, "ह्यात हसण्यासारखं काय हाय ते मला सांग आई."

मला रागच आला तिचा. रंगलेल्या खेळात कुणी उठून दिवा घालवावा तसं झालं. पण झोपताना ते हातमोजे आठवले.

हातमोज्यांचं असं. मी त्या घरात लागले त्या दिवशी मॅडमनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. "अच्छा. जयभीमवाले का?" मी म्हटलं, "व्हय." लगेच म्हणाल्या, "नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी रबरी हातमोज्यांचा एक जोड तयार. "आबांमुळं इन्फेक्शनचं फार बघावं लागतं. फ्रिज उघडताना, फिल्टरचं पाणी घेताना, ओट्यावरच्या भांड्यांना हात लावताना हे घालत जा."

मी खूश. घरी येऊन सांगितलं, लई शिकलेली माणसं हायत, किती काळजी घेतात!

त्याच दुपारी आबांनी अंथरूण खराब केलं. मी हातमोजे घालून धावले. मॅडम दारातून ओरडल्या, "अहो ते काढा! ते किचनचे आहेत. घाण होतील."

काढले. उघड्या हातानं आबांना स्वच्छ केलं.

आम्हाला कामावर पाठवणाऱ्या ब्यूरोनं सुरुवातीला एक दिवस ट्रेनिंग दिलं होतं. प्लास्टिकचा एक बाहुला झोपवलेला, त्याची कूस बदलायची. माझ्या हातात त्याचा पायच निघून आला. सगळ्या बाया हसून हसून पडल्या, त्यामुळं निम्मं ऐकायचं राहिलं. पण एवढं डोक्यात राहिलं होतं की हातमोजे घाणीला घालायचे, मग फेकायचे, मग साबणानं हात धुवायचे. म्हणून मी मॅडमना म्हटलं, आबांसाठी पातळ हातमोज्यांचा डबा आणता का? वापरायचे अन् फेकायचे, तसले.

मॅडमचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "मावशी, आबा काय परके आहेत का तुम्हाला? आपलं माणूस समजून करा ना."

बघा. घाण काढताना आबा माझे आपले. लस टोचताना मी घरातली नाही.

हे दोन्ही मी वेगवेगळ्या दिवशी ऐकलं होतं. शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. दोन्हींवर घरच्यांना हसवून मोकळी झाले होते. किचनचे ते हातमोजे मी रोज धुवून गॅलरीत तारेला टांगायची. वाऱ्यानं त्यांची बोटं हलायची. घरी सांगायची, मला टाटा करतात.

करुणानं पिच्छा सोडला नाही. "आता घरात तान्हं लेकरू येणार. तू रोज आजारी माणसातून येती. मॅडम देत नाय तर सरकारी दवाखान्यात जा." गेले. रांगेत उभी राहिले. ह्या वेळी ढगळ बाहीचा ब्लाऊज घालून गेले, एवढी अक्कल आली होती. खिडकीतली बाई भली होती. म्हणाली, "गरोदर बायांना आहे, दवाखान्यात काम करणाऱ्यांना आहे. तुम्ही दवाखान्यात आहात का?"

"नाय. घरी जाऊन पेशंट सांभाळते."

"मग तुम्ही ह्यात बसत नाही हो मावशी."

घरातले म्हणतात घरातली नाही. दवाखाना म्हणतो दवाखान्यातली नाही. आबांचा मैला तेवढा मला बरोबर ओळखायचा.

करुणाला टोचायला न्यायच्या आधीच तिला मुलगा झाला. काळासावळा, डोक्यावर दाट जावळ. मी रोज कामावरून आले की आधी आंघोळ, धुतलेलं पातळ, मगच त्याला मांडीवर घ्यायची. ह्यातही घरच्यांना गंमत. "आजी व्हीआयपीला भेटायला निघाली," नवरा म्हणायचा.

मग पुण्याचा मुलगा आला. खोकत आला. डोळे लाल, नाक गळतंय. बिनालशीचा. तो आबांच्याच खोलीत लोळायचा, कारण तिथं एसी. मी मॅडमना म्हटलं, "दादांना जरा दुसऱ्या खोलीत झोपवा, नायतर मास्क तरी द्या."

"घरचं पोर आहे मावशी. नातवानं मास्क लावला तर आबांना काय वाटेल? तुम्ही लावा की." आणि स्वतःचा वापरलेला एक मास्क काढून दिला. मी लावला. त्याला मॅडमच्या पावडरचा वास येत होता.

आधी आबांना ताप आला, मग मला. अंग ठेचल्यासारखं. मी घरात गेलेच नाही. पत्र्याखाली, रिक्षा लावतो तिथं बाज टाकली. ताट करुणानं लांबून सरकवायचं. उभ्या जन्मात आमच्याच घरात मला कुणी लांबून ताट सरकवलं नव्हतं. आणि ते मीच सरकवायला सांगत होते. पण उशीर झाला होता. ताप चढायच्या आदल्या संध्याकाळी लेकरू माझ्या मांडीवर होतं.

त्याला धाप लागली. दूध ओढेना. बरगड्या आत जायला लागल्या. नवऱ्यानं रिक्षा कशी काढली मला आठवत नाही. सरकारी दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. इवल्या नाकाला नळी. मला आत सोडेनात, मी तापात होते. मी बाहेर फरशीवर बसले. आबांची नळी मी रोज बघायची. ही बघवेना.

तिथंच मॅडमचा फोन आला.

"मावशी, वस्तीत साथ आहे हे आम्हाला आधी सांगायला नको का? तुमच्यामुळं आबांना ताप आला. लस घेतली होती म्हणून थोडक्यात निभावलं."

मी फोन कानाला धरून बसले. एरवी हे वाक्य मी लगेच पाठ केलं असतं, संध्याकाळी त्यांच्या आवाजात सांगायला. त्या फरशीवर पहिल्यांदा प्रश्न पडला, हे कुणाला करून दाखवायचं? करुणाला? तिचं लेकरू काचेत होतं. जंतू कुणाकडून कुणाकडं गेला हे कुणी सांगू शकत नाही, मला मान्य. पण सुई कुणाकडं आली आणि कुणाच्या दंडाजवळून परत गेली, हे मला चांगलं ठाऊक होतं.

लेकरू वाचलं. अजून रात्री त्याच्या छातीत घरघर होते. वाचलं म्हणून मी कुणाचे आभार मानणार नाही.

मी बरी झाले तसे मॅडमचे फोन सुरू झाले. ब्यूरोनं दुसरी बाई पाठवली होती, तिला आबा उचलेनात. आबा तिच्या हातून खाईनात. "या ना मावशी. आबा तुमची वाट बघतात."

गेले. खोटं कशाला सांगू, आबांसाठी गेले. वाचा गेलेला माणूस, पण मी आले की "आं" असा एक आवाज काढायचे. तो फक्त माझ्यासाठी असायचा.

मॅडम फाटकात उभ्या. हातात झाडांवर फवारायची बाटली. "तिथंच थांबा. हात पुढे करा. वळा." माझ्या हातांवर, पदरावर, पाठीवर औषध फवारलं. "आता मागच्या बाजूनं जा. तिथल्या नळावर आंघोळ करा, कपडे ठेवलेत. इन्फेक्शनचा काळ आहे, राग मानू नका."

तेवढ्यात पुण्याचा मुलगा बाहेर आला. माझ्या अंगावरून, खोकत, गाडीची किल्ली फिरवत, पुढच्या दारानं. मॅडमची बाटली हलली नाही.

मी म्हटलं, "दादांवर फवारलं नाय."

"तो घरातला आहे."

"मग माझं ऐका. मला ती लस टोचा, तुमच्या सगळ्यांना टोचली तशी. हातमोजे आबांच्या कामाला द्या, फ्रिजला नको. खोकणाऱ्याला आबांच्या खोलीत पाठवू नका. अन् मी पुढच्या दारानं येणार."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"व्हय."

"तुमच्यासारख्या छप्पन मिळतील!"

"मिळतील. त्यांना पण हेच सांगून ठेवते."

मी वळले. तेवढ्यात आतून आला आवाज. "आं." आबांनी माझं बोलणं ऐकलं होतं. पुन्हा, "आं." पाय जागीच थांबले. आजवर मला त्या घरात बांधून ठेवलं होतं ते ह्याच आवाजानं. मॅडमनाही ते माहीत होतं. त्या बाटली घेऊन शांत उभ्या होत्या. ही मागं फिरणार, अशा खात्रीनं.

मी मागं फिरले नाही. बसमधे रडले. कंडक्टर तोच होता, ह्या वेळी तिकीट हातात देऊन पुढं गेला.

त्यानंतर दोन घरांनी माझ्या अटी ऐकून दार लावलं. तिसऱ्या घरानं हातमोज्यांचा डबा आणला, पुढच्या दारानं घेतलं, लशीचं मात्र "बघू" म्हणाले. तिथूनही मी परत आले. ब्यूरोवाला म्हणतो, ही बाई डोक्यावर पडली. नवरा हसत नाही आता, रिक्षा जास्त वेळ चालवतो. बसस्टॉपवर पेशंट सांभाळणाऱ्या बाया भेटतात, फुलंब्रीहून येणाऱ्याही असतात. त्यांना मी बाहीची गोष्ट सांगते. पहिल्यासारखीच सुरू करते, खुर्ची, घट्ट ब्लाऊज, मिटलेले डोळे. त्या हसायला लागल्या की मी थांबते. हसू संपेपर्यंत थांबते. मग विचारते, तुला टोचलंय का? तुला? तुला?

एकीलाही नाही.

उद्या एका नवीन घरी जायचंय. आजारी आजी आहे म्हणे, अंथरुणाला खिळलेली. मी ढगळ बाहीचा ब्लाऊज काढून ठेवलाय. बेल वाजवायच्या आधी बाही वर करीन आणि तशीच दारात उभी राहीन. ती मी खाली घेणार नाही. आधी सुई. मग माझे हात.