बॉक्सवरून लिहिलेली फिर्याद

परवा बायकोला नवा मोबाईल घ्यायचा म्हणून श्रीवर्धनच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराने काउंटरवर दोन फोन ठेवले, दोन्ही स्वस्तातले, आणि पाठ केल्यासारखा बोलत सुटला. ह्याची बॅटरी मोठी, त्याचा कॅमेरा चांगला, ह्याचा आवाज मोठा, त्याला बोटाचं लॉक. बायको मन लावून ऐकत होती. मी बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. असे दोन फोन शेजारी शेजारी ठेवलेले दिसले की ती चौकशी आठवते, आणि आठवली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मी रायगड किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. बंदर जवळ होतं, एवढं पुरे. दिवसभर ट्रेलरच्या रांगा, धूळ, अपघात, पार्किंगवरून मारामाऱ्या, आणि रोज दोन-तीन मोबाईल गेल्याच्या तक्रारी. मोबाईलच्या तक्रारींचा आम्हाला कंटाळा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. शक्यतो 'गहाळ' अशी नोंद करून माणसाला वाटेला लावायचो.

ही तक्रार तशी वाटेला लावता आली नाही, कारण फिर्यादी बाईंचा मुलगा खमका होता. बाई साठीच्या, नाक्यावर सुकी मासळी विकणाऱ्या. गिऱ्हाइकांच्या गर्दीत गोणपाटाखाली ठेवलेला फोन कुणीतरी उचलला होता. मुलगा कंपनीत कामाला. नोकरी कायम झाल्यावर त्याने आईसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे तो फोन. बिल आणि रिकामा बॉक्स घेऊनच तो आला होता. "चोरी म्हणूनच लिहा, साहेब, गहाळ नको," म्हणाला. बॉक्स होता म्हणून आमच्या हवालदाराचं काम सोपं झालं. कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय म्हणजे फोनचा पंधरा आकडी नंबर, सगळं त्याने बॉक्सवरून उतरवलं. बाईंना फोनचा रंगसुद्धा कुणी विचारला नाही. बाई कोपऱ्यात बसून आमच्या महिला हवालदाराशी बोलत होत्या. फिर्यादीवर अंगठा तेवढा त्यांचा.

तीन आठवड्यांनी माहिती आली की त्या नंबरच्या फोनमध्ये एका ट्रेलर ड्रायव्हरचं सिम चालू आहे. नाक्यावरच्या टपरीवाल्याने तो कुठल्या मालकाची गाडी चालवतो तेही सांगितलं. मी मालकाच्या ऑफिसात स्वतः फोन लावला. "तुमच्या अमुक ड्रायव्हरला ठाण्यात पाठवा, चोरीच्या मोबाईलचं प्रकरण आहे." 'चौकशीला पाठवा' एवढंच म्हणता आलं असतं. पण सवयीने पूर्ण वाक्य तोंडातून गेलं.

ड्रायव्हर तासाभरात स्वतःहून आला. पस्तिशीचा, माणगावच्या बाजूच्या भातशेती करणाऱ्या घरातला. बायको आणि दोन मुली गावी, हा इथे चार ड्रायव्हरांबरोबर खोली करून. फोन त्याने आपणहून टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्यो चोरीचा न्हाय. नाक्यावरच्या सुकटवाल्या मावशीनं दिलाय. मी माझा तिला दिला, तिनं हा मला."

"म्हणजे अदलाबदल केली?"

"व्हय. मला कंटेनरच्या सीलचा फोटो ऑफिसला पाठवायला लागतो. माझ्या फोनात नंबर पुसट यायचा, ऑफिस शिव्या घालायचं. मावशीच्या फोनचा कॅमेरा चांगला. आन तिला ह्यो फोन उघडायचाच न्हाय. माझा निळा होता, बॅटरी दोन दिवस जायची, आवाज तर असा की ट्रेलर चालू असला तरी ऐकू यायचा. तिला तसलाच पायजे होता."

'मित्राने दिला', 'रस्त्यात सापडला', 'अनोळखी इसमाकडून घेतला' ही उत्तरं मी उभ्या नोकरीत इतकी ऐकली होती की ही गोष्टही मी त्याच खान्यात टाकली. त्याला मावशीचं नाव माहीत नव्हतं, मावशीला त्याचं. दोघांत ओळख काय, तर आठवड्याला पावशेर बोंबील. मी त्याच्या एक कानाखाली लगावली. त्याने गालाला हात लावला नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

दुपारी बाईंना बोलावून घेतलं. मुलगा बरोबर होताच. फोन समोर धरला आणि विचारलं, "हाच का तुमचा?"

बाईंनी फोनकडे पाहिलं, मग मुलाकडे. "हाच," म्हणाल्या.

"हा कुणाला दिला होता का? बदलून वगैरे?"

मुलगाच हसला. "साहेब, मी घेऊन दिलेला फोन आई कुणाला कशाला देईल?"

"नाय, कोनाला नाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला वाटलं, ठाण्याला घाबरल्या असतील. ठाण्याला सगळेच घाबरतात.

ड्रायव्हरला आम्ही बसवून ठेवलं. कागदावर अटक नाही, 'चौकशी चालू'. पोलीस खात्यात काम केलेल्याला हा प्रकार समजेल. संध्याकाळी त्याच्या मालकाचा माणूस आला आणि विचारून गेला की केस होणार का. बंदरात जायचा पास पोलीस पडताळणीवर मिळतो, गुन्हा असलेला ड्रायव्हर मालकाला ठेवता येत नाही. ड्रायव्हर मला एवढंच म्हणाला, "साहेब, मारा पायजे तर. पास गेला तर मला बाहेर कोण गाडी देनार?" मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिला हवालदार माझ्या टेबलाशी आली. जप्त केलेला फोन तिने सकाळी पूर्ण चार्ज केला होता, पंचनाम्यासाठी थोडा वेळ हाताळला होता, आणि तो आता बंद पडायला आला होता.

"सर, त्या मावशी फिर्याद द्यायला आल्या तेव्हा माझ्याशी बोलत होत्या. माझा फोन बघून म्हणाल्या, माझा बी असाच, दोन दिवस चार्जिंगला लावायला लागत नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय."

तिने आपला फोन टेबलावर ठेवला. निळा, जाडजूड. ड्रायव्हरने आपला म्हणून सांगितला होता तसाच. मी दोन्ही फोन शेजारी ठेवून एकेक गोष्ट बघत गेलो. एकाची रिंग खोलीभर वाजत होती, दुसऱ्याची चादरीखालून आल्यासारखी. एक खिडकीतल्या उन्हात धरला तरी वाचता येत होता, दुसरा काळाठिक्कर. एक बोट वर सरकवून उघडायचा, दुसऱ्याला अंगठ्याचा ठसा लागायचा. नाक्यावर उन्हात, ट्रेलरच्या गोंगाटात, चार्जिंगची सोय नसताना दिवसभर बसणाऱ्या बाईला कुठला उपयोगाचा, हे मलाही कळलं. कळायला एक दिवस उशीर झाला होता.

बाईंना पुन्हा बोलावलं. मुलगा ड्युटीवर होता, तेवढं नशीब. ड्रायव्हरला फोन उघडायला लावला आणि नवा ठसा घेण्यासाठी बाईंचा अंगठा बटणावर ठेवला. फोनने नाही म्हटलं. पुन्हा ठेवला. दहा वेळा ठेवला असेल. लहानपणी मिठागरात काम, मग चाळीस वर्षं खारवलेली मासळी. त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. फिर्यादीवरचा त्यांचा अंगठा काढून पाहिला, तिथेही नुसता शाईचा डाग होता. तो तीन आठवडे आमच्या फायलीत पडून होता.

बाई महिला हवालदाराचा हात धरून रडायला लागल्या. "बाय गो, माजं बोटच घेत नवता त्यो फोन. पोरानं नंबर टाकून उघडायला शिकवलं, तेबी मना जमंना. पोरीचा फोन आला तरी ऐकू येवाचा नाय. या ड्रायवरनं त्याचा दिला, मंग लेकीशी रोज बोलाया लागलू. पर पोराला कसा सांगू, म्हनून घरी त्यो निळा पिशवीतच लपवून ठेवलू. त्यानं किती मायेनं आनलेला. तुमी त्याच्यासमोर इचारलंत, मी काय बोलनार?"

"मग हे काल एकटीने भेटून सांगायचं ना!" मी ओरडलोच.

"तुमी एकटीला बोलावलाव कवा?"

पुढचं काम कागदाचं होतं. त्या फोनची माहिती आम्ही नेहमीप्रमाणे चोरीच्या तारखेपासून पुढची मागवली होती. आता मागच्या महिन्यांची मागवली. चोरीच्या चार महिने आधीपासून त्यात ड्रायव्हरचंच सिम होतं, आणि बाईंचं सिम निळ्या फोनमध्ये. हा रिपोर्ट पहिल्याच दिवशी मागता आला असता. बाईंचा खरा चोरीला गेलेला निळा फोन त्या दिवसापासून बंदच होता आणि पुढे कधी सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला सोडलं. जाताना त्याने विचारलं, "साहेब, मालकाला दाखवायला काही लिहून देता का? मी काय केलं न्हाय म्हणून?"

मी म्हणालो, "तुला अटकच केली नव्हती, तर लिहून काय देऊ? तशी तरतूद नाही." नियमाने ते खरं होतं. तो नमस्कार करून गेला.

दोन दिवसांनी बाई आल्या, मुलाला घेऊन. त्यांनी मुलाला सगळं सांगितलं होतं. मुलाचा चेहरा उतरलेला होता, पण आईची पिशवी त्याच्याच हातात होती. दोघं ड्रायव्हरच्या मालकाकडेही जाऊन आले होते. "मी त्यांना बोललू, खोटं मी बोललू, त्या ड्रायवरला कामावर घ्या. ते बोलले, पोलिसाचा कागद आना." एवढं सांगून बाई बाकावर बसल्या. बाजाराचा दिवस होता, नाक्यावरची त्यांची जागा रिकामी होती. मोठ्या साहेबांनी दोनदा विचारलं, ही बाई का बसलीय. मी दुपारपर्यंत इतर कामं केली, मग ठाण्याचा कागद घेतला आणि चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. सदर इसमाचा या गुन्ह्याशी संबंध नाही. खाली सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. तरतूद नव्हती, पण कुणी मला विचारलंही नाही.

मोबाईलच्या चोरीत पहिली चौकशी फिर्यादीची करावी, आणि ती घरच्या माणसांशिवाय करावी, असं मी पुढे नव्या पोरांना सांगत असे. तारखेच्या आधीचा रिपोर्टही मागवायला सांगत असे. ती ऐकायची आणि मान डोलवायची. पण मी शिकलो ते याहून साधं होतं, आणि ते सांगायची मला लाज वाटायची. माणूस पहिल्या पाच मिनिटांत खरं बोलला होता आणि मी कंटाळलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घ्यायला ड्रायव्हर आला तेव्हा त्याने उभ्याउभ्या दोनदा वाचलं. मग म्हणाला, "साहेब, गाडी परवा दुसऱ्याला दिली त्यांनी. पासबी जमा केला." मी म्हटलं, दुसऱ्या मालकाकडे दाखव, उपयोग होईल. त्याने मान हलवली, कागदाची नीट घडी केली आणि मला म्हणाला, "त्या दिवशी मागितलं तेव्हा दिलं असतं तर झालं असतं."

तो रागावलेला नव्हता. मी त्याला बस म्हणालो, चहा मागवला. चहा येईपर्यंत तो थांबला नाही.