बेडाला दिलेला रंग

दोन हजार तेवीस साल, मला त्र्याहत्तरावं लागलेलं. गंगापूर रोडच्या पुढं मोकळ्या मैदानात जुन्या कारखान्यांतल्या यंत्रांचं संग्रहालय झालंय, आमच्या बंद पडलेल्या कंपनीतलीही यंत्रं तिथं आहेत, असं सूनबाईनं सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण एका लेथवर एकतीस वर्षं काढली. म्हटलं, चल.

माझी लेथ तारेच्या कुंपणाला लागूनच उभी होती, उघड्यावर. वरपासून खालपर्यंत पिवळी रंगवलेली. बेडसुद्धा.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगतो. बेड म्हणजे लेथची घासून गुळगुळीत केलेली लांब पाठ. हत्यार तिच्यावरूनच मागंपुढं सरकतं. तिला तेल लावतात, रंग कधीच नाही. दसऱ्याच्या पूजेला मी बेडवर आधी कागद अंथरायचो आणि मगच वर हळदकुंकू लावायचो. कणभर खाली पडू दिलं नाही.

रंगावरून बोट फिरवलं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून पाना पडून टवका उडाला होता, तो लागला. तीच होती. हँडल फिरवायला गेलो तर हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला.

"आजोबा, हात लावू नका," तिथले साहेब आले.

"रंगानं धरलंय हिला. काढा तो. खालून गंज चढला तर कायमची जाईल."

"गंजू नये म्हणूनच दिलाय."

"ग्रीस द्या, वर पत्रे टाका. नाहीतर मी येतो दर शनिवारी, फुकट. तेल माझं."

"अहो, तिला आता कुठं चालायचंय? लोकांनी बघायची फक्त."

कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशीही मी कुणा साहेबापुढं वाकलो नव्हतो. इथं हात जोडले. दोनदा. सूनबाई दंडाला धरून म्हणाली, "बाबा, चला. लोक बघताहेत."

"बघू दे. बघायलाच मांडलंय ना सगळं."

साहेबांना फोन आला, ते बोलत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पहिल्या पाळीच्या वेळेला, थिनरची बाटली आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन गेलो. फाटक बंद होतं. पटाशी मुद्दाम नेली नव्हती, बेडवर ओरखडा आला असता. तारांमधून हात घातला आणि पोचेल तेवढा रंग पुसत बसलो. कोपर तारेला अडत होतं. टवक्यापर्यंत हात काही गेला नाही.