मायकडे धावणारी शिंगरं

घोड्यांच्या शर्यतीचा खरा इतिहास या जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस आयुष्यात एकदाही घोड्यावर बसलेला नाही. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आयुष्यभर त्यांनी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक दुकानात कापड मोजलं आणि मोजता मोजता गिऱ्हाइकाला नरखेड तालुक्यातल्या आपल्या गावच्या शिंगरांच्या शर्यतीचा इतिहास ऐकवला. सासरच्या लग्नकार्यांत मामाजींनी 'आमच्या गावाले' एवढं म्हटलं की माणसं पानाच्या निमित्तानं उठत. मी उठत नसे, पण त्यांची बाजूही घेत नसे. चारचौघांत गप्प राहणं हा माझा जुना रोग. आता पन्नाशी उलटली आहे, तेव्हा एकदा स्वच्छ सांगून टाकतो: त्या सगळ्या मांडवांमध्ये ऐकण्यासारखं बोलणारा तो एकटाच माणूस होता.

ती शर्यत अशी. चैत्रातल्या जत्रेत मैदानाच्या एका टोकाला घोड्या उभ्या करायच्या, दुसऱ्या टोकाला त्यांची वर्षाच्या आतली शिंगरं धरायची. डफडं वाजलं की शिंगरं सोडायची. त्यांच्या पाठीवर माणूस नाही, तोंडात लगाम नाही. जे शिंगरू आधी जाऊन आपल्या मायच्या आचळाला तोंड लावेल ते पहिलं. एकदा कुणी भाच्यानं मुंबई-पुण्याच्या रेसचं कौतुक केलं, तेव्हा मामाजी ताटावरून उठायचे बाकी राहिले. "तिथं पाठीवर माणूस बसवतेत अन् चाबकानं हाणतेत. त्याले काय शर्यत म्हणतेत? आमचं शिंगरू मायसाठी पळते!" जिलेबीच्या दुकानापाशी थांबून हरलेलं शिंगरू कोणाचं होतं, हे ते असं सांगत की जणू पानिपत तिथंच झालं. एका वर्षी सगळ्यांत पुढे असलेलं शिंगरू चुकून भलत्याच घोडीला जाऊन प्यायलं. त्यावरून दोन घरांत आजही लग्नपत्रिका जात नाही. मामाजींचा निकाल मात्र ठाम: "माय चुकली, धाव नाही चुकली." माझ्या मुलीला पाहायला नागपुरातल्याच मिहानमधल्या एका कंपनीतला इंजिनिअर मुलगा आला, तेव्हा त्यालाही हा इतिहास मुळापासून मिळाला. बिचारा इतका गुंगला की मुलीला काहीच विचारायचं राहिलं. लग्न जमलं. पुढे मुलीनं मला सांगितलं, "बाबा, प्रश्न न विचारणारा तो पहिलाच होता."

यंदा मात्र गावातून निरोप आला की शर्यत बंद. गावात घोडीच उरली नव्हती, घरोघरी फटफट्या. म्हणून जत्रा समितीनं त्याऐवजी फटफटी हळू चालवायची स्पर्धा ठरवली होती. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी मला घेऊन समितीपुढे उभे राहिले. "मी नागपुराहून घोडी आणतो. वरातीची हाय, पण शिंगरू हाय तिच्यापाशी."

पोरसवदा सरपंच हसला. "मामाजी, एका शिंगराची शर्यत कशी होईन जी?"

"काहून नाही? तू बिनविरोध निवडून आला, तवा गुलाल उधळला का नाही?"

सगळी सभा खदखदा हसली आणि सरपंचाला हो म्हणावं लागलं.

जत्रेच्या दिवशी टेम्पोतून घोडी उतरली. कपाळावर वरातीचा गोंडा तसाच होता. तिला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेलं. अलीकडे मामाजींनी स्वतः शिंगराच्या मानेला हात घातला. डफडं वाजलं, मामाजींनी हात काढला. तिकडे घोडी डफड्यावर नाचायला लागली, ऐन वरातीत नाचते तशी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. इकडे शिंगरू जागचं हललं नाही. मामाजींनी ढोसलं, चुचकारलं, हात जोडले. "अरे, पळ ना गा बापू!" शिंगरू कान पाडून उभं. कुणी तरी ओरडलं, "मामाजी, हे बी हळू चालवाच्या स्पर्धेतलंच दिसते!" हशा उसळला. इतक्या वर्षांत प्रथमच मामाजींचा चेहरा मला पाहवेना.

आणि माझ्या लक्षात आलं. वरातीत वाजंत्री सुरू असते तोवर माय कामावर असते आणि शिंगराला बाजूला बांधलेलं असतं. वाजणं म्हणजे थांबणं, एवढंच ते शिकलं होतं. मी, जो सासरी 'भाजी वाढा' म्हणायला लाजतो, भर मैदानात ओरडलो, "डफडं बंद करा!" डफडेवाला थबकला. जत्राही गप्प झाली. पलीकडून घोडी एकदा खिंकाळली, आणि शिंगरू असं सुटलं की धूळ नंतर उडाली. मायच्या पोटाशी जाऊन त्यानं आचळ तोंडात घेतलं. मामाजी धोतर सावरत मागून धावले आणि त्या शांततेत दोन्ही हात वर करून गरजले, "पहिलं!"

गुलाल उधळला गेला. सरपंचानं नारळ दिला. परतीच्या एसटीत मात्र मामाजी खिडकीबाहेर पाहत बसले. मांडीवरचा नारळ फिरवत म्हणाले, "जावईबापू, एकटंच पळालं जी ते. जिंकणारा मी आणला. हरणारा कुठून आणू?"

तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या बाईनं आमच्या कपड्यांवरचा गुलाल पाहून विचारलं, "कुठून येऊन राहिले जी?"

मामाजी नुसतंच म्हणाले, "जत्रेतून." आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

"शिंगरांची शर्यत होती," मी म्हणालो. "मोठी झाली."

"असं? मंग पह्यल्याहून दुसरं किती मागं होतं?"

"थोडक्यात हुकलं," मी म्हणालो.

मामाजी वळले नाहीत. बाहेर संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या. मग काचेकडेच तोंड ठेवून ते हळूच म्हणाले, "नाकभर."