हात न लावलेली गाडी

जन्मभर एकही निर्णय न घेता सुखरूप म्हातारा झालेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. त्यांच्या लग्नाचा निर्णय वडिलांनी घेतला, नोकरीचा तळेगावच्या एका कारखान्याने घेतला आणि निवृत्तीचा वयाने. कारखान्यात ते क्वालिटी खात्यात होते, म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या वस्तू भिंगाखाली धरून नापास करायचा त्यांना पगार मिळे. निवृत्त होताना भिंग परत केलं, सवय परत करायची राहून गेली. वडगावच्या बाजारात एक कलिंगड घ्यायला गेले की ते ढिगातलं प्रत्येक फळ कानाशी धरून वाजवत. एकदा विक्रेत्याने कंटाळून हात जोडले आणि "आबा, ह्ये फुकट न्या, पन जावा" असं म्हटलं. फुकट देतोय म्हणजे आत नक्की काहीतरी खराब असणार, म्हणून यांनी तेही घेतलं नाही. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्ये मला बघायला आलते तवा 'कळवतो' म्हनून गेलते. अजून कळवलं न्हाई."

अशा माणसाच्या दारात एक जुनी, निळ्या रंगाची, टर्बो लावलेली पेट्रोल गाडी कशी आली, याचं आम्हा सर्वांना आश्चर्य वाटतं. कंपनीने ती बनवायचं कधीच बंद केलं होतं, पण एके काळी तरुण मुलं तिच्या पळण्याचे गोडवे गात. लोणावळ्याला तुंगार्लीत एका बाईंचे यजमान बरेच महिने आजारी राहून गेले, आणि त्यांची ही गाडी विकायची होती. साडू एका मित्राबरोबर नुसते बघायला गेले होते. मित्राला गाडी पसंत पडली नाही. हे मात्र बॉनेट उघडून इतका वेळ आत बघत उभे राहिले की बाईंनी चहा आणून दिला, दुसरा चहा आणून दिला आणि तिसऱ्या खेपेला कपाऐवजी किल्लीच हातात ठेवली. "तुम्हीच घ्या. आमच्या ह्यांनी हिला कधी बाहेरच्या माणसाचा हात लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे तो निर्णयही बाईंनीच घेतला. पण आयुष्यात स्वतःसाठी म्हणून या माणसाने घेतलेली ही एकमेव वस्तू, आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला. "हात न लावलेली गाडी हाय," असं ते भेटेल त्याला सांगत, आणि ऐकणाऱ्याने चुकून बॉनेटला हात लावला तर खिशातून फडकं काढत.

आता हात न लावलेली गाडी मिळाली म्हटल्यावर कुणीही ती चालवली असती. आमच्या साडूंनी तिला हात कुठे लावायचा याचा अभ्यास सुरू केला. अशा गाडीच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोने हवा किती कोंबायची, हे सगळं तो ठरवतो. त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर बदलून दुसरं टाकलं की तीच गाडी अंगात आल्यासारखी पळते, इतपत मलाही त्यांनी शिकवलं. अशी सॉफ्टवेअरं अनेक. काही तयार मिळतात, काही आपल्या गाडीच्या मापाने बेतून देतात, आणि एक तर नुसती डबी असते, ती वायरीत अडकवली की झालं. साडूंनी सगळ्यांचा कीस पाडला आणि प्रत्येकात मरण शोधून काढलं. "ह्यात पिकप हाय, पन इंजिनाचं आयुष्य जातंय," ते सुस्कारा टाकून म्हणत. "त्यात आयुष्य हाय, पन मग बदललं काय? आन् डबीवाल्याचा तर मला चेहराच पटंना." फोनवर विकणाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: तुमचं सॉफ्टवेअर मुंबईच्या हवेवर बेतलंय का लोणावळ्याच्या? समोरच्याने फोन ठेवला की ते माझ्याकडे बघून खिन्नपणे मान हलवत. मी पुण्याहून दोन दिवस विश्रांतीला म्हणून त्यांच्याकडे जाई आणि जगात भरवसा ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही अशी खात्री पटून परत येई.

त्यातून सॉफ्टवेअर आधी की गाडीचे भाग आधी, हा एक वेगळाच पेच होता. सॉफ्टवेअरवाले विचारत, तुम्ही कुठला सायलेन्सर, कुठला टर्बो लावणार ते सांगा, त्याप्रमाणे बेतून देऊ. भाग विकणारे विचारत, सॉफ्टवेअर कुठलं टाकणार ते सांगा. साडू दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांनाही "कळवतो" म्हणत. कधी नव्हे ते एकदा मन घट्ट करून त्यांनी स्टेनलेस स्टीलचा एक मोठा, झळझळीत सायलेन्सर मागवला. तो घरी आल्यावर त्याचा व्यास आपल्याला हवा त्यापेक्षा जरा जास्त आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. परत पाठवावा तर दुसरा कुठला हवा ते ठरलेलं नव्हतं. तेव्हा तो बैठकीच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि ताई त्याच्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागली. इंजिनात जाणारी हवा थंड करणारी एक रुंद जाळीही अशीच आली आणि खोक्यासकट पलंगाखाली गेली. उन्हाळ्यात गरम व्हायला लागलं की ताई म्हणे, "ती थंड करनारी जाळी काडा की भायेर, मला तरी लावा."

त्यांच्याबरोबर गाडीतून जाणं ही एक शिक्षाच होती. वाटेत आपल्यासारखी दुसरी गाडी दिसली की तिच्या मालकाने कुठलं सॉफ्टवेअर टाकलंय हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि अशा गाड्या आता इतक्या कमी राहिल्या होत्या की दिसलेली सोडणं शक्य नव्हतं. एकदा उर्से टोलनाक्याच्या रांगेत आमच्यापुढे दोन गाड्या सोडून तशीच एक लाल गाडी उभी होती. साडूंनी मला काही न सांगता दार उघडलं आणि रांगेतून चालत जाऊन त्या गाडीची काच ठोठावली. आतल्या माणसाला हा कुणी वर्गणी मागणारा वाटला असावा, कारण त्याने काच न उघडताच हात हलवला. साडूंनी वाकून त्याच्या पाठच्या सायलेन्सरमध्ये डोकावून पाहिलं. एवढ्यात रांग पुढे सरकली, लाल गाडी निघून गेली, आणि मागचे पन्नास ट्रक भोंगे वाजवत असताना मी, ज्याला सायकलशिवाय काही चालवता येत नाही, त्या निळ्या गाडीत एकटा बसून घामाने भिजत होतो. ते शांतपणे परत आले आणि म्हणाले, "फुकट गेलं. पन त्याचं बी पेट्रोल जास्त जळतंय, काजळी लय हाय." त्या वाक्यात मात्र एक समाधान होतं. आपल्यापेक्षा दुःखी माणूस भेटल्याचं असावं.

हे सगळं असंच चाललं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण मग गाडी चढावर आजारी आवाज काढायला लागली. सपाटीवर ठीक, चढ लागला आणि पाय जरा दाबला की इंजिनातून बारीक टकटक. वडगावच्या मिस्त्रीने ऐकलं आणि सांगितलं, "आबा, सेटिंगमंदी गडबड हाय. कुनी जानकार गाटून हिचं सॉफ्टवेअर नीट करून घ्या, न्हाईतर एक दिवस इंजान जाईल. आन् गेलं तर दुसरं मिळायचं न्हाई." म्हणजे आता निर्णय घेतला नाही तर गाडीच राहणार नव्हती. हे ऐकून साडूंचं तोंड इतकं उतरलं की मला वाटलं, सुटलो, आता तरी काहीतरी ठरेल. छे! प्रश्न जिवाचा आहे म्हटल्यावर त्यांनी जास्तच बारकाईने तपासायला सुरुवात केली. गाडी ओट्यासमोर झाकून ठेवली. रोज सकाळी तिच्यावरचं कापड काढून, इंजिन थोडा वेळ चालू करून, कान देऊन ऐकत आणि पुन्हा झाकत. जेवण कमी झालं. ताईने मला फोन केला आणि नेहमीची थट्टा सोडून म्हणाली, "भावजी, तुमी या. ह्यांच्या हातनं न्हाई व्हायचं." मला त्यांचा राग येत होता, आणि चिखलमातीच्या गावात एवढ्या मायेने पुसलेलं ते बॉनेट बघून वाईटही वाटत होतं.

शेवटी ताईने आणि मी मिळून त्यांना गाडी तळेगावला एका इंजिनिअर मुलीच्या शेडमध्ये न्यायला लावली. ती हेच काम करते. तिने लॅपटॉपची वायर गाडीला जोडली, बराच वेळ आकडे बघितले आणि विचारलं, "काका, तुम्ही याआधी कुठे सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं?"

"हात न लावलेली गाडी हाय," साडू म्हणाले.

"नाही काका. हे कंपनीचं नाहीये. आधीच कुणीतरी बदललंय. टकटक त्यानेच होतेय."

साडू स्टुलावर बसले. मी आयुष्यात प्रथमच त्यांना समोरची वस्तू न तपासता नुसतं बसलेलं पाहिलं. इतकी वर्षं ज्या गाडीला सॉफ्टवेअर शोधलं, तिच्यात ते पहिल्या दिवसापासून होतंच, आणि ते भाळले होते ते आधीच हात लागलेल्या गाडीवर. मग त्यांनी विचारलं, "चांगलं केलंय का?"

"हौसेनं केलंय," मुलगी म्हणाली. "पण अर्धवट आहे. पहिल्यांदा टाकतात, मग थोडे दिवस चालवून परत यायचं असतं, मग बारीक दुरुस्त्या करतात. हे गृहस्थ परत आलेच नाहीत." परत का आले नाहीत, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हे पुसून कंपनीचं परत टाकते, लगेच होईल. इंजिन वाचेल. फक्त तोवर चढावर दाबू नका." साडू म्हणाले, "उद्या." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी तळेगावऐवजी लोणावळ्याकडे वळवली. तुंगार्लीच्या बाईंनी साडूंना ओळखलं, आम्हाला बसवलं, आणि साडूंनी अडखळत सगळं सांगितल्यावर त्या आधी हसल्याच. "ह्यांनी? मला न सांगता?" मग हसू ओसरलं. "शेवटी शेवटी औषधांमुळे त्यांना बसवत नसे. तरी संध्याकाळी पेट्रोल भरून येतो म्हणून जायचे. मी म्हणायचे, अहो, एवढं पेट्रोल जातं कुठे? मला बसवायचे तेव्हा तर इतकी हळू चालवायचे, की मागच्या रिक्षा पुढे जायच्या."

साडू उठले. "बसा गाडीत, वहिनी. दाखवतो."

मी त्यांना बाजूला घेतलं. त्या मुलीने काय बजावलं होतं त्याची आठवण दिली, इंजिन जाईल म्हणालो, हात जोडले. ते म्हणाले, "पुसायचंच हाय ते आता. एकदा पुसलं की त्या मानसानं काय केलतं ते कुनालाच कळायचं न्हाई, साडूभाऊ. निदान वहिनींना तरी कळू दे." एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. एका दमात, न कळवता, घेतलेला त्यांचा हा पहिला निर्णय. मी मागच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलो.

कुरवंड्याच्या रस्त्याला गर्दी नव्हती. मोकळा चढ समोर आला तसा त्यांनी पाय पूर्ण दाबला. क्षणभर काही झालं नाही, आणि मग टर्बोने श्वास घेतला आणि ती गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटमध्ये रुतली. पुढे बाईंनी एका हाताने दाराची मूठ धरली होती, दुसरा हात तोंडावर होता. टकटक सुरू झाली, ती मला ऐकू येत होती, म्हणजे साडूंना नक्कीच येत असणार. जन्मभर बारीकसा ओरखडा पाहून वस्तू नापास करणारा तो माणूस त्या आवाजावर पाय तसाच ठेवून होता. "असं होय," बाई म्हणाल्या. "असं चालवत होते होय." डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. वरच्या वळणाच्या अलीकडे आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, गाडी थरथरली, मागे पांढरा धूर सुटला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो.

शेताकडे निघालेला एक गावकरी टेम्पो थांबवून उतरला. त्याने वाकून बघितलं, वास घेतला. "गेलं की वो इंजान, आबा. हितं कुटं मिळनार मिस्त्री, लोनावळ्यालाच न्यावी लागंल." त्याने दोर काढला. बाईंना त्याच्या शेजारी पुढे बसवलं. त्यांनी बसता बसता साडूंचा हात दोन्ही हातांत धरला. आम्ही दोघे बंद पडलेल्या गाडीत बसलो. टेम्पो ओढत होता आणि साडू स्टिअरिंग धरून होते. मी तयारी करून बसलो होतो की आता हे रडतील, नाहीतर मला काही बोलतील, नाहीतर निदान एक सुस्कारा तरी टाकतील. ते समोरच्या दोराकडे बघत होते. नजर न काढता म्हणाले,

"इतकी वर्सं जपली वो हिला, साडूभाऊ. चालवली मातुर आजच."